उत्तर: श्रद्धा रविवारपुरती की रोजची?

‘रविवारची उपासना चुकवली नाही, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवला, की श्रद्धा पाळून झालं’ असं एक मत या प्रश्नावर आलंय, ते मला अर्धंच पटतं. आम्हा ख्रिस्ती व्यापाऱ्यांची खरी परीक्षा सोमवारी वजनकाट्यावर होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा भागात माझी कापसाची खेडा खरेदी आहे, म्हणजे गावातच शेतकऱ्यांकडून थेट कापूस घेतो. या धंद्यात ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे दोन किलो कट्टी (वजनातली कपात) सर्रास कापतात, कापूस कोरडा असला तरी. मीही दोन हंगाम कापली. तिसऱ्या वर्षी एका म्हातारीने गाठोडं उतरवलं, मूठभर कापूस माझ्या तळहातावर दाबला आणि म्हणाली, “भाऊ, आठे पानी कोठे शे?” (भाऊ, इथे पाणी कुठे आहे?) बाकी काही बोलली नाही. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे हे बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 11व्या अध्यायात पहिल्याच वचनात आहे, आणि मी ते लहानपणी पाठ म्हणून शाबासकीही मिळवलेली!

आता कोरड्या मालाला कट्टी नाही. इतर व्यापारी चिडतात, नफाही घटलाय. पण नाताळात आमच्याकडे भरीत-कळण्याच्या भाकरीला गावातले शेतकरी येतात, तेव्हा मान वर करून वाढता येतं.