पऱ्हाटीचा चुरा आणि ब्रिकेटची वाहतूक: भाडं टनावर घ्यावं की खेपेवर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा हिंगणघाटला ट्रकचा धंदा आहे. बाबांच्या काळापासून जिनिंगच्या गाठी आणि सरकी हेच मुख्य काम. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत गाड्यांना उसंत नसते. एप्रिल लागला की त्याच गाड्या निम्मा वेळ उभ्या राहतात, हप्ते मात्र बाराही महिने चालू. आता जवळच्या एका ब्रिकेट कारखान्याने आम्हाला दोन्ही बाजूंचं काम देऊ केलंय. गावागावांतून पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या कपाशीच्या झाडांचा, चुरा कारखान्यात आणायचा आणि तयार ब्रिकेट, म्हणजे हा चुरा दाबून केलेलं कांड्यांचं जळण, आपला पांढरा कोळसा, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या बॉयलरवाल्यांकडे पोचवायची. करार तीन वर्षांचा आहे. सही करण्याआधी या कामातल्या लोकांशी बोलायचं आहे.

माल मिळेल का, खपेल का, याची मला फारशी काळजी नाही. कपाशीच्या शेतातून हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी ठेवून घेतलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि उपटलेली बरीचशी धुऱ्यावर पेटवली जाते. तिचे चार पैसे शेतकऱ्याच्या हाती पडले तर मला मनापासून आनंद आहे. गिऱ्हाईकही वाढणारच. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात बायोमास पेलेट (काडीकचरा दाबून केलेल्या बारीक गोळ्या) मिसळणं केंद्राच्या धोरणाने २०२१ मध्ये सक्तीचं झालं. २०२३ च्या सुधारणेत २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असं प्रमाण ठरलं. आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर मौद्याला एनटीपीसीचं २३२० मेगावॅटचं केंद्र आहे. आज ब्रिकेट नेतोय, उद्या पेलेट नेऊ, हा विचार डोक्यात आहेच.

अडचण आहे ती भाड्याची. कारखान्याला दोन्ही मालांसाठी टनामागे एकच दर हवा आहे. आमच्या दहा टायरच्या गाडीत ब्रिकेट भरली तर सोळा-सतरा टन आरामात जाते. चुरा भरला तर फाळक्यावर फळ्या लावून, वरून तुडवून, ताडपत्री ताणून बांधली तरी सहा-सात टनांवर जागा संपते. अख्खी पऱ्हाटी तर विचारूच नका, तीन टन बसली तरी पुष्कळ. समजा एका खेपेचा डिझेल, ड्रायव्हर, टोल, टायरझीज मिळून ८,००० रुपये खर्च धरला. १६ टनांवर तो टनाला ५०० पडतो, ६ टनांवर १,३३३. हाच एक दर लावला तर ब्रिकेटमध्ये कमावलेलं सगळं चुऱ्यात जाईल. म्हणून माझं म्हणणं असं की चुऱ्याला खेपेवर भाडं असावं, अंतराचे टप्पे पाडून, आणि ब्रिकेटला टनावर. कारखान्याचे मालक म्हणतात, खेपेवर दिलं तर तुम्ही गाडी अर्धी भरून आणाल. त्यांचीही भीती खोटी नाही. मग डाल्याचं (गाडीच्या माल भरायच्या हौद्याचं) माप ठरवून काठोकाठ भरल्याची खूण लिहून घ्यावी का? असं कुणी केलंय का?

दुसरा मुद्दा ओलाव्याचा, आणि इथे मी अडून बसलोय. मसुद्यात लिहिलंय की भाडं 'स्वीकृत वजनावर' मिळेल, म्हणजे ओलाव्याची कपात करून उरलेल्या वजनावर. ब्रिकेट करायला चुरा दहा टक्क्यांच्या आसपास वाळलेला लागतो. ३० टक्के ओलाव्याचा १० टन चुरा आणला तर त्यात कोरडा माल ७ टन. तो १० टक्क्यांवर वाळवला की जेमतेम पावणेआठ टन भरतो. उरलेलं सव्वादोन टन पाणी माझ्या गाडीने वाहिलं, त्यालाही डिझेल लागलंच ना? ओला माल घ्यायचा की नाही हे खरेदीदाराने शेतावर ठरवावं आणि कपात माल विकणाऱ्याच्या हिशेबात करावी. वाहतूकदाराचं भाडं धर्मकाट्यावरच्या वजनाशीच बांधलेलं हवं. मागे दुसऱ्या एका ठिकाणी आमची गाडी ओलाव्याच्या वादात रात्रभर गेटबाहेर उभी राहिली होती. वाद कारखाना आणि व्यापाऱ्याचा होता, हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे, मात्र कुणीच दिलं नाही.

उतरवण्याचाही प्रश्न आहे. चुरा फावड्याने उतरवायला चार हमालांना अर्धा दिवस लागतो. टिप्पर घेतला तर हे काम मिनिटांत होईल, पण त्याचा डाला लहान आणि हंगामात त्यात गाठी भरता येत नाहीत. सध्या माझा कल असा आहे की पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरचं काम गावातल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांना द्यावं. चिपर (पऱ्हाटीचा चुरा करणारं यंत्र) शेतातच ट्रॅक्टरवर चालतो, तिथून थेट ट्रॉली भरेल. आमचे ट्रक फक्त लांबच्या गावांना आणि ब्रिकेटला लावायचे.

ब्रिकेटला पावसाची फार भीती. ओली झाली की फुगते, बोटाने दाबली तर भुसा हातात येतो. जून ते सप्टेंबर दुहेरी ताडपत्रीशिवाय गाडी सोडायची नाही हे आम्ही ठरवलंय. पण रस्त्यात खराब झालेल्या मालाची जबाबदारी पूर्णपणे आमच्यावर टाकलीय. चुऱ्याला आगीचा धोका वेगळाच. मालाचा विमा कुणी काढायचा, हे मसुद्यात कुठेच नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं:

पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांचा बगॅस वाहणारे कुणी इथे असतील तर तुमच्याकडे भाडं कसं ठरतं? तोही हलका आणि ओला माल, त्यामुळे तुमचा अनुभव मला सगळ्यात जवळचा वाटतो. डिझेलच्या दराप्रमाणे भाडं आपोआप बदलेल असं कलम कुणी मिळवलंय का, आणि ते कसं लिहिलंय? किमान खेपांची हमी मागावी का? मे महिन्यापर्यंत चुरा भरपूर, पावसाळ्यात शून्य, त्यामुळे महिन्याची हमी मागावी की वर्षाची, हेही कळवा. बुटीबोरीहून परतीचा माल मिळवणारे कुणी असतील तर कोणता माल धरता?

आणि एक जीएसटीचं. शेतमालाच्या वाहतुकीला सूट आहे. शेतातच चुरा केलेली पऱ्हाटी शेतमालात धरतात का? आमच्या सीएंनी एक सांगितलं, कारखान्याच्या हिशेबनीसाने बरोबर उलटं. ज्यांची या मालाची बिल्टी (वाहतुकीची पावती) प्रत्यक्ष फाटते, त्यांनी ती कशी लिहिता ते सांगितलं तर फार उपकार होतील. सोमवारी कारखान्यात पुन्हा बैठक आहे.