मदत हवी आहे: वाड्यातील जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात देण्याबाबत

पुण्यातील आमचा वाडा पुनर्विकासासाठी दिवाळीपूर्वी रिकामा करून द्यायचा असून त्यातील शिसवी कपाट, पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा, तांब्याचा बंब, घंगाळी आणि समया विकायच्या आहेत. सर्व वारसांची लेखी संमती घेतली आहे. देवघरातील मूर्ती विकायच्या नाहीत.

जुन्या बाजारातील व्यापाऱ्यांनी भांड्यांना केवळ मोडीचा भाव सांगितला. बंबाच्या तोटीवरील मोराची घडण त्यांनी पाहिलीसुद्धा नाही, याचे फार वाईट वाटले. नंतर छायाचित्रे, मापे आणि वजने देऊन ऑनलाइन जाहिरात केली, परंतु चौकशी करणाऱ्यांपैकी बरेच जण पैसे देण्याच्या नावाखाली आम्हालाच क्यूआर कोड स्कॅन करायला सांगू लागले, म्हणून तो मार्ग सोडला. आता एका लिलावगृहाने कमिशनवर वस्तू घेण्याची तयारी दाखवली आहे. वाहतूक आणि विमा मात्र आमच्याकडे राहील.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा लागू होऊ शकतो आणि अशा वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत, हे मला माहीत आहे. मात्र खरेदीची पावती कशाचीच नाही. भांड्यांवर पणजोबांचे नाव तेवढे कोरलेले आहे.

ज्यांनी घरगुती वस्तू अशा लिलावात दिल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे: पावतीअभावी वस्तूंचे वय कोणाकडून प्रमाणित करून घेतले, आणि किमान किमतीची बोली न आल्यास वस्तू परत आणण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात कसे लिहून घेतले?