मदत हवी आहे: सल्फासालाझिनमधला ॲझो बंध आणि अँटिबायोटिक

नमस्कार मंडळी,

सासूबाईंना अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) सल्फासालाझिन सुरू झालंय. लघवी गडद नारिंगी व्हायला लागली तशा त्या घाबरल्या. डॉक्टर म्हणाले, औषधाचाच रंग आहे, काळजी नको. त्यांचं समाधान झालं, माझं नाही. मी बीएस्सी केमिस्ट्री. रेणूची रचना काढून बघितली, तर मधोमध नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध, हाच तो ॲझो बंध! म्हणजे प्रॅक्टिकलला बर्फात भांडं ठेवून, शेवटी बीटा नॅफ्थॉल घालून केशरी-लाल ॲझो रंगाचा साका काढायचो, त्याच घराण्यातलं हे.

बेंझिडीनपासून केलेले ॲझो रंग शरीरात तुटतात, परत बेंझिडीन सुटतं आणि त्याने मूत्राशयाचा कॅन्सर होतो, असं शिकलोय. मग ही गोळीही तुटत असेल ना? दुसरं, दाढेसाठी अँटिबायोटिक लिहून दिलंय. दोन्ही एकत्र चालतील का?

प्रतिसाद:
तुटते, आणि तुटावी म्हणूनच ती तशी बनवलीय. बराचसा भाग न शोषला जाता मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू ॲझो बंध तोडतात आणि सल्फापायरिडीन व ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल सुटं होतं. कोलायटिसवर काम करतं ते मुख्यतः दुसरं. पहिलं रक्तात जातं, मळमळ आणि डोकेदुखी बहुतेक त्याचीच. बेंझिडीन यातून निघतच नाही. नुसता बंध बघून घाबरू नका, तुकडे कुठले पडतात ते बघा.

प्रोन्टोसिल आठवतंय? 1932 साली बायर या जर्मन औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत बनलेला लाल ॲझो रंग. तिथले शास्त्रज्ञ डोमाक यांचे जंतुसंसर्ग झालेले उंदीर त्याने वाचायचे, पण परीक्षानळीत जिवाणू ढिम्म. 1935 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कोडं सुटलं: शरीरात बंध तुटून सल्फानिलामाइड सुटतं, खरं औषध ते. रंग बिचारा नुसता हमाल!

अँटिबायोटिकचा प्रश्न रास्त आहे. आतड्यातले जिवाणू कमी झाले की बंध तुटणंही कमी होऊ शकतं. दाताच्या डॉक्टरांना ही गोळी सांगा, पोटाच्या डॉक्टरांना अँटिबायोटिकचं नाव कळवा. मनाने काही बंद करू नका.

सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी नाही ना, ते आधी विचारा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका. अंगावर पुरळ, ताप किंवा घसा दुखणं असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.