डेझमंड हॉवर्ड: महाविद्यालयातील सर्वश्रेष्ठ रिसीव्हर पुढे केवळ रिटर्नर म्हणूनच का गाजला?

प्रश्न – शनिवारचा प्रेक्षक

नमस्कार. आमची मुलगी अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात शिकत असल्यामुळे अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल आमच्या घरात आता नियमित पाहिला जातो, आणि त्या विद्यापीठाच्या जुन्या खेळाडूंविषयी वाचताना डेझमंड हॉवर्ड यांच्या कारकिर्दीपाशी मी थबकलो आहे. क्लीव्हलंडमध्ये 1970 साली जन्मलेला, जेमतेम 5 फूट 10 इंच उंचीचा हा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, 1991 च्या हंगामात तब्बल 23 टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, चेंडू नेणे) करतो, त्यांपैकी 19 झेल घेऊन, आणि महाविद्यालयीन खेळातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा त्या वर्षीचा हाइझमन करंडक मोठ्या फरकाने जिंकतो. पुढच्याच वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत वॉशिंग्टनचा संघ त्याला चौथ्या क्रमांकावर घेतो. त्यानंतर मात्र 2002 पर्यंतच्या अकरा हंगामांत मिळून त्याच्या नावावर केवळ 123 झेल आणि 7 झेल-टचडाउन दिसतात, म्हणजे मिशिगनमधील एका हंगामाच्या निम्मेही टचडाउन नाहीत. याच खेळाडूला जानेवारी 1997 मधील सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवण्यात आले, तेही किक परतवण्यासाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू पकडून उलट धावण्यासाठी.

महाविद्यालयात ज्याला अडवणे अशक्य वाटत होते, तो रिसीव्हर व्यावसायिक खेळात इतका मागे का पडला, आणि सुपर बोलमधील ती धाव योगायोगाची होती की तिच्यामागे काही सातत्य होते, हे जाणकारांनी उलगडून सांगावे.

उत्तर – ओहायोतून

आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मैदानाच्या आखणीत आणि नियमांत आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

मैदानाच्या मध्यभागी तुटक रेषांच्या दोन ओळी असतात आणि प्रत्येक डाव त्या ओळींवर किंवा त्यांच्या मधल्या पट्ट्यातून सुरू होतो. महाविद्यालयीन मैदानावर या दोन ओळींमधील अंतर 40 फूट असते, तर एनएफएलमध्ये ते केवळ साडेअठरा फूट. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू एका कडेला असला की दुसऱ्या बाजूला प्रचंड मोकळी जागा उरते, आणि वेगवान रिसीव्हर त्या जागेत शिरला की त्याच्याबरोबर धावणारा एकटा बचावपटू हतबल होतो. शिवाय महाविद्यालयात झेल वैध ठरण्यासाठी एकच पाय रेषेच्या आत पडणे पुरेसे असते, तर व्यावसायिक खेळात दोन्ही पाय आत असावे लागतात. कडेला आणि एंड झोनच्या कोपऱ्यात झेल घेणाऱ्या खेळाडूला हा फरक फार जाणवतो.

दुसरी गोष्ट सहवासाची. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, एल्व्हिस ग्रबॅक आणि हॉवर्ड हे क्लीव्हलंडच्या एकाच शाळेत शिकले होते. शाळेत हॉवर्ड चेंडू घेऊन धावणारा टेलबॅक होता, मुळात रिसीव्हर नव्हताच. 14 सप्टेंबर 1991 रोजी नोटर डेम विद्यापीठाविरुद्ध अखेरच्या सत्रात मिशिगन 17–14 असे पुढे होते, चौथा, म्हणजे चेंडू राखण्याची अखेरची संधी देणारा डाव होता आणि नवे चार डाव मिळवायला यार्डभर अंतरही पुरले असते. अशा वेळी कोणताही सावध प्रशिक्षक चेंडू हातात देऊन धाव घ्यायला लावतो. गॅरी मोलर यांच्या संघाने मात्र 25 यार्डांवरून थेट एंड झोनमध्ये चेंडू फेकला आणि हॉवर्डने शरीर पूर्ण ताणून, हवेत आडवे होऊन तो झेलला. इतका धोका पत्करण्याइतका विश्वास दोघांमध्ये होता आणि तो शाळेपासून मुरलेला होता, असे माझे ठाम मत आहे.

एनएफएलमध्ये बचावपटू रिसीव्हरला पहिल्या पाच यार्डांतच हातांनी रोखतात आणि त्याची लय मोडतात. तेथे रिसीव्हरने ठरलेल्या पावलाला, ठरलेल्या कोनात वळावे लागते, कारण क्वार्टरबॅक तो वळण्याच्या आधीच चेंडू सोडतो. हॉवर्डची खरी देणगी चेंडू हाती आल्यानंतर समोरची माणसे वाचून वाट काढण्याची होती. झेलापर्यंत पोहोचण्याची वाटच अरुंद झाली, तेव्हा ती देणगी वापरण्याची संधी त्याला कमी मिळाली. किक परतवताना मात्र चेंडू हाती येण्यापूर्वी त्याला कोणी हात लावू शकत नाही. मिशिगनमध्ये फेकीमुळे मिळणारी मोकळी जागा त्याला व्यावसायिक खेळात किकनेच पुन्हा मिळवून दिली.

उत्तर – वॉशिंग्टनचा जुना चाहता

वरील विवेचन मला मान्य आहे, पण त्यात परिस्थितीचा वाटा वगळला गेला आहे. ज्या संघाने 1992 मध्ये हॉवर्डला निवडले, तो संघ त्याच वर्षीच्या जानेवारीत सुपर बोल जिंकलेला होता आणि आर्ट मंक, गॅरी क्लार्क व रिकी सँडर्स असे तीन कसलेले रिसीव्हर तेथे आधीच होते. नवख्याला चेंडू मिळणार तरी किती? एका हंगामानंतर प्रशिक्षक जो गिब्ज निवृत्त झाले आणि संघाची घडी विस्कटली. 1995 मध्ये हॉवर्ड जॅक्सनव्हिलला गेला, तो संघ तर त्याच वर्षी प्रथम मैदानात उतरत होता. रिसीव्हर घडायला स्थिर क्वार्टरबॅक आणि एकच पद्धत काही वर्षे लागते, आणि नेमक्या घडण्याच्या वर्षांत हॉवर्डच्या वाट्याला ते आले नाही. त्याच्यात ती क्षमताच नव्हती, असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते.

शनिवारचा प्रेक्षक

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. आता सुपर बोलविषयी विचारतो. हॉवर्डच्या नावावर नियमित हंगामात किकऑफवरून एकही टचडाउन नाही असे दिसते, मग 99 यार्डांची ती एक धाव अपवादच मानावी का?

उत्तर – ग्रीन बेचा विद्यार्थी

तो अपवाद मुळीच नव्हता, आणि हे समजण्यासाठी 1996 चा संपूर्ण हंगाम पाहावा लागतो.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. किकऑफमध्ये, म्हणजे सामन्याच्या आरंभी किंवा गुण झाल्यावर, चेंडू जमिनीवरून मारला जातो, तो लांब जातो आणि परतवणाऱ्याला धावत येऊन झेलता येतो. पंट, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे सोपवणारी लाथ, हातातून सोडून उंच मारला जातो, तो चार सेकंदांहून अधिक काळ हवेत राहतो आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी पूर्ण वेगाने अंगावर येतात. परतवणाऱ्याची नजर आकाशाकडे असते, तरीही हात वर करून सुरक्षित झेल मागावा, चेंडू सोडून द्यावा की धावावे, याचा निर्णय त्याला चेंडू खाली येण्यापूर्वी घ्यावा लागतो. कबड्डीतील चढाईपटू निदान समोर पाहत असतो. येथे मान वर असतानाच अंगावर येणाऱ्यांचा अंदाज घ्यावा लागतो. हॉवर्डची हुकमत मुख्यतः पंटवर होती. त्याची नियमित हंगामातील आठही परतावा-टचडाउन पंटवरची आहेत, आणि ओहायो स्टेटविरुद्ध 23 नोव्हेंबर 1991 रोजी 93 यार्ड धावून एंड झोनमध्ये हाइझमन करंडकावरील पुतळ्याची मुद्रा त्याने केली, तोही पंटच होता.

ग्रीन बे पॅकर्समध्ये तो 1996 मध्ये आला तेव्हा संघात त्याची जागा निश्चित नव्हती. त्या हंगामात त्याने पंट परतवून 875 यार्ड मिळवले, जो एनएफएलमधील एका हंगामाचा विक्रम ठरला, आणि तीन वेळा थेट टचडाउन केले. 4 जानेवारी 1997 रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या बाद फेरीत, पावसाने चिखल झालेल्या मैदानावर त्याने पहिलाच पंट 71 यार्ड धावून टचडाउनपर्यंत नेला आणि पुढच्या एका पंटवर 46 यार्ड मिळवून संघाला प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभे केले. इतर धावपटू घसरत होते त्या मैदानावर त्याचे वळण सुटले नाही.

26 जानेवारीला न्यू ऑर्लिन्समधील सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडने तिसऱ्या सत्रात कर्टिस मार्टिनच्या टचडाउनने अंतर 27–21 असे कमी केले आणि सामना त्यांच्याकडे झुकू लागला होता. त्याच्या लगेच पुढच्या किकऑफवर हॉवर्ड मधल्या फटीतून सरळ वर गेला आणि 99 यार्डांनंतरच थांबला. पॅकर्सनी त्यावर दोन गुणही मिळवले, 35–21 असा फरक झाला, आणि त्यानंतर कोणत्याही संघाला एकही गुण मिळाला नाही. त्या दिवशी पंट आणि किकऑफ मिळून त्याने 244 यार्ड परतवले. विशेष पथकातील, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या खेळाडूंमधील, कामगिरीसाठी सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला तो पहिलाच.

त्या धावेची चित्रफीत पाहताना हॉवर्डकडे नंतर पाहावे; आधी त्याच्या पुढे अडथळे रोखणारे सहकारी पाहावेत. फट त्यांनी उघडली होती. हॉवर्डने ती ओळखण्यात क्षणभरही घालवला नाही, बाजूला सरकण्याचा मोह टाळला, आणि मला त्याचे मोठेपण तेथे दिसते.

उत्तर – ओहायोतून

तुलनेसाठी आणखी दोन कारकिर्दी पाहाव्यात, म्हणजे महाविद्यालयातील अशा दुहेरी खेळाडूंचे पुढे काय होते, ते एकाच साच्यात बसत नाही हे लक्षात येईल.

नोटर डेमच्या टिम ब्राउनला 1987 चा हाइझमन मिळाला. त्या वर्षी मिशिगन स्टेटविरुद्ध लागोपाठ दोन पंट टचडाउनपर्यंत नेल्यामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले होते. व्यावसायिक खेळात त्याने सुरुवात रिटर्नर म्हणून गाजवली, पण पुढे तो हजाराहून अधिक झेल घेणारा रिसीव्हर झाला आणि 2015 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. ऑकलंड रेडर्समध्ये 1997 आणि 1998 चे हंगाम ब्राउन आणि हॉवर्ड एकत्र होते. एक झेल घेत होता, दुसरा किक परतवत होता.

त्याच नोटर डेमच्या राघिब इस्माईलने 1989 मध्ये अ‍ॅन आर्बरलाच मिशिगनविरुद्ध दोन किकऑफ टचडाउनपर्यंत नेले. पहिल्या धावेनंतरही मिशिगनने त्याच्याकडेच चेंडू मारला, हे आजही अनाकलनीय वाटते. हॉवर्ड तेव्हा मिशिगनच्या संघात होता. इस्माईलने 1991 मध्ये एनएफएलऐवजी कॅनडाच्या लीगमधील टोरंटोचा मोठा करार स्वीकारला, आणि त्याच वर्षीच्या त्या लीगच्या ग्रे कप अंतिम सामन्यात 87 यार्डांचा किकऑफ परतवून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. मात्र अमेरिकेत परतल्यावर त्याचे सर्वोत्तम हंगाम 1998 आणि 1999 हे होते, आणि ते रिसीव्हर म्हणून, दोन्ही वेळा हजार यार्डांच्या पुढे.

वॉशिंग्टनच्या चाहत्यांचा मुद्दा इस्माईलच्या उदाहरणाने बळकट होतो, हे मी मान्य करतो. त्याला रिसीव्हर म्हणून पिकायला बरीच वर्षे आणि तीन संघ लागले. हॉवर्डला तितका धीर कोणत्याही संघाने दाखवला नाही, कारण किक परतवण्यासाठी तो प्रत्येकाला लगेच हवा होता.

शनिवारचा प्रेक्षक

हे तीन मार्ग शेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले. आजच्या महाविद्यालयीन सामन्यांत असे परतावे मला क्वचितच दिसतात. यामागेही नियम आहेत का?

उत्तर – ग्रीन बेचा विद्यार्थी

होय. पूर्ण वेगाने होणाऱ्या टकरींत डोक्याला व मानेला होणाऱ्या दुखापती कमी करण्यासाठी महाविद्यालयीन खेळात 2012 पासून किकऑफ 35 यार्डांच्या रेषेवरून मारला जाऊ लागला, त्यामुळे चेंडू अनेकदा थेट एंड झोनमध्ये जातो. 2018 पासून 25 यार्डांच्या आत सुरक्षित झेल मागितला तरी संघाला 25 यार्डांवरून डाव सुरू करता येतो, म्हणून प्रशिक्षक धोका घेत नाहीत. हे बदल आवश्यक होते असेच मी मानतो. पंट मात्र अजून बराचसा जुन्या स्वरूपात टिकून आहे, आणि 2020 चा हाइझमन मिळवणारा अलाबामाचा रिसीव्हर डेव्हॉन्टा स्मिथ याने त्या हंगामात पंटवरूनही टचडाउन केले होते. पुढच्या शनिवारी पंटच्या वेळी जागेवरून उठू नये, एवढेच सुचवतो.