मदत हवी आहे: हॅलोफेरॅक्स मेडिटेरानीची वाढ तिसऱ्या दिवशी थांबते, पीएचबीव्हीही कमी मिळते

प्रश्न:
हॅलोफेरॅक्स मेडिटेरानी या मीठप्रेमी सूक्ष्मजीवाकडून ग्लुकोजपासून पीएचबीव्ही हे जैवप्लास्टिक मिळवायचे आहे. माध्यमात लिटरमागे मीठ २२० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ५ ग्रॅम, ग्लुकोज १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५ ग्रॅम आहे. ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ३०० मिली माध्यम, ३७ अंश, १५० आरपीएम.

तिसऱ्या दिवशी ओडी (द्रवाची गढूळता, म्हणजे वाढीचे माप) वाढायची थांबते, सामू ५.३ वर येतो, द्रव चिकट होतो. पेशी डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या की नळीत बुळबुळीत गोळा उरतो. वाळवलेले वजन मात्र भरपूर भरते. कुठे चुकते आहे?

प्रतिसाद १:
आधी धुण्याचे बोलू, कारण तिथे सगळा माल वाया जातोय. या पेशी बाहेरच्या मिठाशी तोल राखायला आत पोटॅशियम क्लोराइड साठवतात. साध्या पाण्यात पडताच त्या फुटतात; बुळबुळीत दिसते ते बाहेर आलेले डीएनए. धुवायला २२ टक्के मिठाचेच पाणी घ्या. इतक्या दाट द्रवात पेशी सावकाश बसतात, म्हणून सेंट्रिफ्यूज १०,००० जी (गुरुत्वाच्या १०,००० पट), २० मिनिटे. वर तवंग दिसला तर ओतून टाकू नका: हा जीव वाढ थांबल्यावर वायूच्या पोकळ्या बनवतो, त्यामुळे पेशी तरंगतात.

वाढ अडली ती आम्ल आणि ऑक्सिजन यांमुळे. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो, त्यात तुमचा फ्लास्क निम्म्याहून जास्त भरलेला. ५० ते ७० मिलीच घ्या, २०० आरपीएम ठेवा. सामूसाठी लिटरमागे १५ ग्रॅम पाइप्स (PIPES, सामू स्थिर ठेवणारे बफर) घाला. ते नुसत्या पाण्यात विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड घालत सामू ७ कडे नेला की विरघळते. फॉस्फेट बफर नको, मॅग्नेशियमबरोबर साका बसतो. ग्लुकोज वेगळे ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत, पण पीएचबीव्ही कमी का, याचे उत्तर फॉस्फेटमध्ये आहे. कार्बन मुबलक आणि फॉस्फरस तुटपुंजा असेल तेव्हा पेशी पीएचबीव्हीचे कण जास्त साठवते. ०.५ ग्रॅमऐवजी ४० मिलिग्रॅम करून पाहा. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधूनही फॉस्फरस येतो, ते १ ग्रॅमवर आणा आणि नायट्रोजनसाठी अमोनियम क्लोराइड द्या. चिकटपणा बाहेर टाकलेल्या पॉलिसॅकराइडचा. त्यात तुमचेच ग्लुकोज खर्च होते.

या जीवाची खरी कमाल अशी की तो प्रोपिओनिल-कोए हा व्हॅलरेटसाठी लागणारा कच्चा माल स्वतः तयार करतो. त्यामुळे नुसत्या ग्लुकोजवरही पीएचबीव्हीच्या साखळीत व्हॅलरेट हा घटक येतो, प्रोपिओनेट बाहेरून द्यावे लागत नाही.

प्रश्नकर्ता:
यीस्ट एक्स्ट्रॅक्टऐवजी पेप्टोन चालेल? आणि वजनाचे काय करू?

प्रतिसाद १:
पेप्टोन टाळलेले बरे. काहींत पित्तक्षार असतात, त्यांनी या जीवासारख्या लवणप्रेमी आर्कियाच्या (जिवाणूंहून वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांच्या) पेशी विरघळू शकतात.

वाळवलेल्या वजनात बरेचसे मीठच असते. त्यावरून टक्केवारी काढू नका. मिठाच्या पाण्याने धुतलेल्या पेशी ०.१ टक्का एसडीएस (एक डिटर्जंट) असलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, म्हणजे त्या फुटतील. सेंट्रिफ्यूज करून खाली बसलेले पांढरट कण दोनदा पाण्याने धुवा, वाळवा आणि वजन लिटरमागे ग्रॅममध्ये लिहा. व्हॅलरेटचे प्रमाण काढायला हेच कण आम्लयुक्त मिथेनॉल आणि क्लोरोफॉर्ममध्ये १०० अंशांवर घट्ट झाकणाच्या नळीत तापवून गॅस क्रोमॅटोग्राफीला द्या. झाकणाचे अस्तर टेफ्लॉनचे हवे, नाहीतर क्लोरोफॉर्म उडून जाते आणि आकडे फसवे येतात.