शहाळं नको, आधी मीठ बघा
वर कुणीतरी लिहिलंय की एवढा घाम जातोय तर डायलिसिसवाल्याला रोज एक शहाळं द्यायला काय हरकत आहे, तर बाबांनो ते नकोच, त्यात पोटॅशियम भरपूर, आणि ते रक्तात साठलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. लो सोडियम मीठही नको, त्यातपण पोटॅशियमच असतं.

आमच्या सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे. म्हापशात मे महिन्यात नुसतं बसलं तरी अंग चिकचिकतं, पण खरी तहान लावतं ते मीठ. पेजेबरोबर सुका बांगडा नि तोरांचं (कोवळ्या कैऱ्यांचं) लोणचं झालं की दुपारभर तांब्या शोधत फिरणार! आणि डायलिसिसवाल्याला दिवसाच्या पाण्याची लिमिट असते, पेज, चहा, सोलकढी, बर्फ सगळं त्या पाण्यातच मोजायचं हां. एक लिटर जादा म्हणजे एक किलो वजन, ते मशीनवर खेचताना पायात गोळे येतात, बीपी पडतं.

आम्ही सकाळीच दिवसभराचं पाणी बाटलीत भरतो, कपभर चहा झाला की तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. कुरकुरतात, पण हिशोब समोर दिसतो. डायबेटीस असेल तर साखरही बघा, ती वाढली तरी घसा सुकतो. घामासाठी पाण्याची लिमिट वाढवायची का ते मात्र वजनं दाखवून डॉक्टरांनाच विचारा.