8-1 ला मारिओ परत परत खड्ड्यात, जुना टीव्ही गेम नव्या एलईडीवर कोणी खेळतं का?

फोंडेकर:
चवथीला घरी गेलो तर माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला, ती पिवळी कॅसेट पण होती, मग काय, भाचरांना बसवलं आणि एलईडीला पिना लावून सुरू केला. 1-2 (पहिल्या वर्ल्डची दुसरी लेव्हल) मधून वॉर्प, म्हणजे मधली वर्ल्ड गाळून पुढे नेणारी गुप्त वाट, 4-2 मधून परत वॉर्प, थेट आठव्या वर्ल्डला, इथपर्यंत हात अजून बरोबर चालतो. पण 8-1 ला उडी जमतच नाही यार, बटण दाबलं की मारिओ जरा उशिरा उडतो आणि गेला खड्ड्यात. लहानपणी पण इथेच अडकायचो, शेवटची लेव्हल 8-4 कधी पूर्ण झालीच नाही आणि ते अजून डोक्यातून जात नाही. माझा हात गेला की टीव्हीचा दोष? बदकं मारायच्या गेमची बंदूक पण चालत नाही.

म्हापशेचो_गडी:
टीव्हीचाच दोष रे, हात शाबूत आहे तुझा. एलईडी ते जुनं सिग्नल आपल्या साईजला बदलून दाखवतो त्यात वेळ जातो, सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर चालू कर, बराच फरक पडतो. बंदुकीचं मात्र विसर. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदूक तो उजेड बघते, एलईडीवर तो उशिरा येतो म्हणून नेम कितीही धर, फुकट. त्याला जुना डबा टीव्हीच हवा.

डिचोलीकर:
आठव्या वर्ल्डला मध्ये चेकपॉईंटच नाहीत, मेलास की लेव्हल पहिल्यापासून, त्यात 8-1 लांबलचक आणि टाइम फक्त 300. आणि 8-4 ला चुकीच्या पाईपात शिरलास की परत सुरुवातीला. गेम ओव्हर झालं तर टायटलवर ए दाबून धर आणि स्टार्ट दाब, त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून मिळतं. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलंच नाही!! पण मशीन बंद झालं की तेही गेलं, आणि पावसात आमच्याकडे लाईट नेमकी आठव्या वर्ल्डलाच जायची, तेव्हाचा राग अजून आठवतो.

मडगाववाली:
एवढा त्रास कशाला, मोबाईलवर इम्युलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) टाक, दर उडीआधी सेव्ह कर, एका संध्याकाळी 8-4 संपेल.

डिचोलीकर:
नाही गो, तसं नको. त्या गेममध्ये आहेच किती, 32 लेव्हल. सगळी गंमत आपला हात तयार होण्यात आहे. सेव्ह करत गेलं की राजकन्या भेटते पण 8-3 चे हातोडे फेकणारे दुश्मन कधी उडतात ते हाताला कळतच नाही. कॉन्ट्रा गेमचा 30 लाईफवाला कोड मी वापरायचो, तो चालेल, खेळायला तर आपल्यालाच लागतं ना.

फोंडेकर:
गेम मोड सापडला, उडी बरीच वेळेवर येते आता! 8-2 ला पोचलो. मामाकडे जुना डबा टीव्ही आहे, बंदूक तिकडे नेतो. 8-4 चे पाईप कोणी सांगू नका हां प्लीज, भाचरांबरोबर स्वतःच शोधायचेत.